जुना डाग, सही आ. बनसोडे

स्वल्पविराम हे चिन्ह ज्यानं कुणी शोधून काढलं, त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायला हवा, असं आकाराम बनसोडे यांचं मत सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत बनलं आणि ते आजतागायत बदललेलं नाही. पूर्णविराम समजू शकतो. वाक्य संपलं, टिंब दिलं, मोकळं झालं. पण मधेच कुठंतरी शेपटी खाली सोडून बसणाऱ्या त्या चिन्हानं एका सरळमार्गी माणसाची अठरा वर्षांची अब्रू घालवावी, याला काय म्हणायचं?

आकाराम शिरवळजवळच्या एका प्लास्टिक पाइपांच्या कारखान्यात भांडारपाल होते. राहायला साताऱ्यात, गोडोलीला. रोज कंपनीच्या बसनं जा-ये. कारखान्यात साधा नटबोल्ट यायचा असला तरी मागणीच्या कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात ‘आ. बनसोडे’ अशी सही पडावी लागे. ती सही आकारामांनी कधी घाईत केली नाही, बसमध्ये केली नाही, आणि वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘मिळाली’ म्हणून तर कधीच केली नाही. घरी मायाबाई म्हणायच्या, “माज्या बापानं लग्नाच्या यादीवर सई मागितली, तर ह्यांनी आदी भांडी मोजली.” हे खरं आहे, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे आकारामांना अजून कळलेलं नाही.

तर झालं असं, की कारखान्याचे मॅनेजर भोईटेसाहेब परदेशी जाऊन आले. आले ते एक खूळ घेऊन आले. तिकडं म्हणे कंपनीची माणसं सुट्टीच्या दिवशी दोन तट पाडून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात. गोळी अंगावर फुटली, रंग लागला, की तो माणूस बाद. त्यानं म्हणे माणसामाणसांत एकोपा वाढतो. शिरवळचे सहा आणि आपल्याच कंपनीच्या सांगलीच्या कारखान्यातले सहा, असा सामना एप्रिलच्या पहिल्या रविवारी सांगलीत घ्यायचा साहेबांनी जाहीर करून टाकला. गोळ्या झाडायच्या यंत्राला तिकडं ‘मार्कर’ म्हणतात. बंदूक म्हणायचं नाही. साहेबांनी हे तीनदा सांगितलं.

मार्कर कोणता घ्यायचा, ते ज्या त्या कारखान्यानं ठरवायचं होतं. शिरवळकडून अर्थातच आकाराम. परदेशी कंपनीचं रंगीत पुस्तक त्यांनी घरी आणलं, कॉलेजात जाणाऱ्या प्रियंकाकडून पानन् पान वाचून घेतलं आणि दोन रात्री पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रकार दोन होते. एक आपोआप चालणारा. चाप ओढत राहिलं की गोळ्या सुटत राहतात. दुसरा पंप मार्कर. नळीखालचा दांडा हातानं मागं घ्यायचा, पुढं ढकलायचा, तेव्हा एक गोळी आत बसणार आणि एकच सुटणार. पुन्हा झाडायची तर पुन्हा पंप.

शेजारचे सुभेदार हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले होते, त्यामुळं त्यांना न विचारताही त्यांचं मत मिळालंच. “बनसोडे, आटोमॅटिक घ्या. एकदम धडाधड. दुश्मनाला सर वर काढू द्यायचं न्हाई.”

“सुभेदार, दुश्मन म्हणजे आपल्याच कंपनीचा सांगलीचा स्टाफ हाय.”

“मग तर लय धडाधड पायजे.”

आकारामांनी पंपच निवडला, आणि तो हट्टानं नव्हे. हाताखालून एकेक वस्तू मोजून देण्यात ज्याची हयात गेली, त्याला एकेक गोळी मोजून देणारं यंत्रच पटणार. शिवाय पंपाला वायू कमी लागतो, आतले भाग कमी, बिघडायला जागा कमी. त्यांनी सव्वा पानाची टिपणी लिहिली आणि शेवटी मागणी केली: सहा पंप मार्कर.

टायपिस्ट सयाजीनं टाईप केलं: सहा पंप, मार्कर.

आकारामांनी टिपणी सव्वा पान वाचली. शेवटची ओळ आपल्याला पाठ आहे म्हणून वाचली नाही, आणि सही केली. अठरा वर्षांत एकदा. पुढं जे झालं त्याला खरेदी खात्याचा तत्परपणा कारणीभूत आहे. एरवी हातमोजे मागितले तर चार महिने लावणाऱ्या त्या खात्यानं पाच दिवसांत औषध फवारायचे पाठीवरचे सहा पंप आणि खोक्यांवर लिहायच्या काळ्या मार्कर पेनांचा एक डझनाचा बॉक्स आणून भांडाराच्या दारात ठेवला. वर कागद. कागदावर सही, आ. बनसोडे.

कारखाना तीन दिवस हसला. कँटीनमध्ये आकाराम दिसले की कुणीतरी पाठीवर नसलेला पंप मारून फवारणी करून दाखवायचं. सांगलीहून विश्वजितचा फोन आला. विश्वजित हा तिकडचा तरुण इंजिनियर, कामाला चांगला, पण जिभेला लगाम नाही. त्यानं स्वतःच्या कारखान्यासाठी आपोआप चालणारे मार्कर मागवले होते आणि ते आलेही होते.

“काका, आमच्यावर नेमकं काय मारणार तुम्ही? मोनोक्रोटो?”

आकाराम तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. ‘काका’ हा शब्द त्यांना मोनोक्रोटोच्या विषारी फवाऱ्यापेक्षा जास्त लागला.

योग्य ती यंत्रं पुढं मागवली गेली, पण भोईटेसाहेबांनी आकारामांना खोलीत बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. पण परदेशी जाऊन आल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीची स्पर्धा लावायची सवय जडली होती. “बनसोडे, खरेदीची सही आता एखाद्या तरुण माणसाकडं द्यावी असं वर चाललंय. विश्वजितचं नाव आहे. मी म्हटलं, सामना होऊ द्या. तुमची निवड जिंकली तर दोन्ही कारखान्यांच्या खरेदीवर सही तुमची. विश्वजितची जिंकली तर त्याची.”

“साहेब, एका स्वल्पविरामापायी?”

“त्याच्याखाली सही कुणाची होती?”

आकारामांना राग भरपूर आला, आणि तो त्यांनी शिरवळपासून गोडोलीपर्यंत बसमध्ये जपून आणला.

पुढचा घोळ परवान्याचा. बारा माणसं मैदानात नळ्या रोखून पळणार म्हटल्यावर कागद हवा, हे आकारामांना समजत होतं. ते कागदाचेच माणूस. पण हा कागद कुठल्या टेबलावर मिळतो ते टेबलांनाही माहीत नव्हतं. हत्यारांच्या टेबलानं विचारलं, यात माणूस मरतो का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आमच्याकडं कशाला आलात. खेळाच्या टेबलानं यादी काढून दाखवली. यादीत खो-खो होता, मल्लखांब होता, हे नव्हतं. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे सगळे जमणार, एकमेकांना रंग लावणार आणि घरी जाणार. एवढंच ना?” आणि त्यांनी छापील फॉर्मवर मोकळ्या जागेत लिहिलं: रंग खेळण्याचा कार्यक्रम. शिक्का मारला. आकारामांनी तो मजकूर चारदा वाचला. त्यात स्वल्पविराम नव्हता, म्हणून आनंदानं घरी आले. नियमाप्रमाणं परवान्याची नक्कल दोन्ही कारखान्यांच्या फलकांवर लागली. इथंच घात झाला, पण तो कळायला एप्रिल उजाडावा लागला.

मार्च सगळा तयारीत गेला. यंत्रातल्या छोट्या बाटल्यांत वायू भरायचा प्रश्न गोटीसोडावाल्या कोंडीबानं सोडवला. सोड्यात घालतात तोच वायू, फक्त दाब जास्त. कोंडीबा बाटली भरून कानाशी हलवायचा आणि विचारायचा, “साधा का लिंबू?” गोळ्यांच्या खोक्यावर ‘थंड जागी ठेवा’ असं लिहिलेलं प्रियंकानं वाचून दाखवलं, तर मायाबाईंनी विड्याची पानं ठेवतात तशा शंभर गोळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या. त्यांचं कवच औषधाच्या कॅप्सूलसारखं. सकाळी फडकं उघडलं तर आत एकच मोठी, पिवळी, लिबलिबीत गोळी होती. उरलेल्या गोळ्या मग तांदळाच्या डब्यात गेल्या आणि त्या मात्र खणखणीत राहिल्या. सुभेदारांनी सरावाचा भार आपणहून उचलला. रोज सकाळी कॉलनीमागच्या खडकाळ माळावर ते आकारामांना कोपरांवर सरपटायला लावायचे आणि स्वतः खुर्चीत बसून चहा प्यायचे. आकारामांची कोपरं सोलली, विजार फाटली, पण नेम बसला. पंप, श्वास, गोळी. पंप, श्वास, गोळी. पंधरा पावलांवरचा डालड्याचा डबा दहात नऊदा पिवळा व्हायला लागला. दहावी गोळी एकदा सुभेदारांच्या वाळत घातलेल्या धोतरावर गेली, तो विषय निराळा.

सामन्याच्या दिवशी सकाळी आकाराम पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मायाबाईंनी दारातच अडवलं.

“आवं, रंगात निगालाय आन् नवा शर्ट? लोकं काय म्हंतील, घरात बाई हाय का न्हाई?”

“अगं, हा सामना हाय.”

“परवान्यावर काय लिवलंय? रंग खेळन्याचा कार्यक्रम. मी वाचलंय.”

आणि त्यांनी पेटीच्या तळातून गाठोडं काढलं. रंगपंचमीचे कपडे कुठल्या घरात नसतात? वर्षातून एक दिवस घालायचे, बाकी तीनशे चौसष्ट दिवस ते फेकून देता येत नाहीत म्हणून ठेवायचे. आकारामांचा तो शर्ट दहा पंचम्या खेळलेला होता. जुने रंग धुऊन धुऊन नुसती मळकट झाक उरली होती, पण छातीवर मधोमध भाकरीएवढा हिरवा डाग होता. तो याच पंचमीला, आठच दिवसांपूर्वी, हंबीररावांनी धोतराचा सूड म्हणून लावला होता. आकारामांना मायाबाईंचं म्हणणं पटलं. हे सांगायला आज त्यांना लाज वाटते, पण तेव्हा पूर्ण पटलं.

सांगलीच्या कारखान्यामागं मैदान तयार होतं. आडोशाला पाइपांची बंडलं आणि रिकामी पिंपं. ऊन मी म्हणत होतं. बघायला दोन्ही कारखान्यांची माणसं, आणि साताऱ्याच्या बसमधून सुभेदारही आलेले. पंच म्हणून आटपाडीचे अर्जुना कोळेकर मास्तर होते. मास्तर कबड्डीचे पंच; या खेळाचे नियम त्यांना साहेबांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले होते आणि ती चिठ्ठी त्यांनी खिशात घातली होती.

सगळ्यांनी तोंडावर मुखवटे चढवले. मास्तरांनी शिट्टी फुंकली. आकारामांनी पंप मागं घेतला, आणि तेवढ्यात मास्तर त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले.

“बाद.”

“कोण?”

“तुमी. छातीवर रंग हाय.”

“मास्तर, अजून गोळी सुटली न्हाई. हा पंचमीचा रंग हाय. आमच्या शेजाऱ्यांनी लावलाय, ते बघा तिथं बसल्यात.”

“कुनी लावला ते पंच इचारत न्हाई. रंग दिसला, बाद. चिठ्ठीत तसंच हाय.”

आणि मास्तर पुढं गेले. जालिंदर फिटर, पाठीवर गुलाबी, बाद. वजनकाट्यावरचा, बाह्या जांभळ्या, बाद. कारण घराघरांतून तोच परवाना वाचला गेला होता आणि शिरवळ काय नि सांगली काय, बायकांचा हिशेब एकच होता. अकरा माणसं अकरा पंचम्यांचे रंग अंगावर घेऊन उभी होती. एकट्या विश्वजितनं परदेशी छापाची नवीकोरी जर्सी घातली होती. एकही गोळी न उडता दोन मिनिटांत मैदानावर तो एकटा उरला, आणि मास्तरांनी हात वर करून सांगितलं, “सांगली इजयी.”

आकारामांचा रक्तदाब त्या क्षणी किती होता याची नोंद नाही. ते मुखवटा काढून थेट साहेबांपुढं गेले. “साहेब, महिनाभर मी खडकावर सरपटलो. सोडावाल्याची चेष्टा ऐकून घेतली. माझी सही जायची तर जाऊ द्या, पण गोळी लागून जाऊ द्या. धुण्याच्या गाठोड्यापायी न्हाई जाणार ती.”

साहेबांनाही हे असं संपणं बरं दिसेना. “पण मग जुना डाग कुठला आणि नवा कुठला, हे पंचांनी ओळखायचं कसं?”

आकारामांनी पिशवीत हात घातला. वायूच्या बाटल्यांवर नावं टाकायला म्हणून तो बॉक्स बरोबर होता. काळे मार्कर, एक डझन, स्वल्पविरामानं आणलेले.

“साठा तपासून घेऊ,” ते म्हणाले.

बाकीची दहा माणसं रांगेत उभी राहिली. आकारामांनी एकेकाला वळवून, बाह्या उलगडून, प्रत्येक डागाभोवती काळं कडं काढलं, शेजारी ‘जुना डाग’ लिहिलं आणि खाली सही केली. जालिंदरच्या खिशाखालचा तांबडा ठिपका रंगाचा नसून पानाचा निघाला, तोही नोंदवला. एकूण सत्तर सह्या झाल्या. ऊन, घाम, वर लोकांचं हसणं. पण एकही सही त्यांनी घाईत केली नाही. शेवटी स्वतःच्या छातीवरचा डाग उरला. आपल्याच मालावर आपणच शेरा मारणं त्यांना नियमात बसेना. मास्तर कंटाळले होते. “मारा वो. तुमच्यावर इस्वास न्हाई ठेवायचा तर कुनावर?” आकारामांनी मान खाली घालून, उलट्या हातानं कडं काढलं. जुना डाग. आ. बनसोडे.

मग खरा सामना झाला, आणि कुणीही कबूल करेल की पंपानं नाव राखलं. सांगलीकरांची यंत्रं धडाधड चालली खरी, पण त्यांच्या गोळ्या उन्हात मऊ पडल्या होत्या. घाईत दोन-दोन आत शिरायच्या आणि आतच फुटायच्या. नळीतून गोळीच्या जागी हिरवा फेस यायचा. शिरवळच्या गोळ्यांना तांदळाचा वास होता, पण एकेक नीट जात होती. पंप, श्वास, गोळी. सांगलीचे पाच गेले, शिरवळचेही पाच गेले. अर्ध्या तासानं मैदानावर दोघंच उरले. इकडं पाइपांच्या बंडलामागं आकाराम, तिकडं पिंपामागं विश्वजित.

विश्वजित बाहेर पडला आणि पळत-पळत झाडत आला. आकाराम बंडलामागून उठले, आणि त्याच वेळी त्यांच्या छातीत टप्पकन काहीतरी बसलं. पुढच्या क्षणी विश्वजितच्या यंत्रानं सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज केला आणि ते थंड झालं. वायू संपला होता. त्याच्या मुखवट्याच्या काचेवर स्वतःचाच हिरवा फेस उडालेला. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. तो दहा पावलांवर, उघड्यावर, हातात निकामी नळी घेऊन उभा राहिला.

मास्तर धावत आले. आकारामांच्या छातीकडं वाकून पाहिलं. हिरवा डाग, काळं कडं, शेजारी सही.

“जुना डाग. चालू द्या.”

आकारामांनी खाली पाहिलं. गोळी बरोबर कड्याच्या आत फुटली होती. हिरव्यावर हिरवं. एक थेंब कड्याबाहेर गेला नव्हता. शर्ट छातीला गार चिकटला होता, आणि हे जगात फक्त त्यांनाच कळत होतं.

“बनसोडे, फायर,” सुभेदार ओरडले. “देखते क्या हो, फायर.”

पंप मारलेला होता. गोळी आत बसलेली होती. डालड्याच्या डब्यापेक्षा विश्वजित पुष्कळ मोठा होता. एक बोट हलवलं की दोन्ही कारखान्यांची सही, कँटीनमधली ती फवारणी कायमची बंद, आणि ‘काका’ म्हणणाऱ्याची जर्सी पिवळी. आकारामांनी बोट चापावर ठेवलंही. मग पुन्हा त्या सहीकडं पाहिलं. उलट्या हातानं केलेली, जरा वाकडी, पण आपलीच. न वाचता एकदा केली, त्याचं काय झालं ते पाहिलंच होतं. ही तर वाचून केलेली होती.

त्यांना भयंकर राग आला. गोळीचा आला, सुभेदारांचा आला, दारात अडवणाऱ्या बायकोचा आला, पण सगळ्यांत जास्त मास्तरांचा आला.

“मास्तर, हात लावून बघा.”

“कशाला? सई हाय की.”

“सही माझी हाय म्हणूनच म्हणतोय. हात लावा.”

मास्तरांनी बोट लावलं. बोट हिरवं झालं. त्यांनी जरा हळू आवाजात म्हटलं, “बाद.”

साहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, “बनसोडे, असं असेल तर सहीचं आपण पुन्हा बोलू.” पण आकाराम तेव्हा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. “काय बोलायचं? शर्त म्हणजे शर्त. सोमवारी खरेदीचा शिक्का पाठवून देतो.” विश्वजित मुखवटा काढून जवळ आला, त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याला ‘काका’शिवाय दुसरा शब्द सुचेना, आणि तो शब्दही त्यानं गिळला. परतीच्या वाटेवर कराडला चहा घेताना सुभेदार म्हणाले, “कोर्ट मार्शल व्हाया पायजे तुमचं,” आणि चहाचे पैसे स्वतः दिले.

सोमवारी शिक्का गेला. गुरुवारी सांगलीहून विश्वजितची पहिली मागणी शिरवळला आली, त्याच्या सहीसह, बरोबर एक चिठ्ठी: ‘बनसोडेसाहेब, पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालावी.’ आकारामांनी ती तीनदा वाचली. दोन स्वल्पविराम चुकीचे होते. त्यांनी दोन्हींभोवती कडी काढली आणि कागद परत पाठवला. शेरा लिहिला नाही. आता ते आपलं काम नव्हे, असं त्यांनी टायपिस्ट सयाजीला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

रविवारी मायाबाई मागच्या दारी दगडावर धुणं धूत होत्या. पंचमीचा शर्ट त्यांनी तिसऱ्यांदा साबणात बुडवला, घासला, पिळला, उन्हात धरला आणि नवऱ्याला हाक मारली.

“आवं, ह्यो बगा. त्यो गोळीचा रंग पैल्या पान्यात गेला. सुबेदारांचा हिरवा बी गेला, दहा वर्साची झाक बी गेली. शर्ट पांढरा फटक निगाला.”

“मग ओरडतीस कशाला?”

“तुमची सई काय जाईना.”

आकाराम दारात येऊन उभे राहिले. पांढऱ्या शर्टावर छातीच्या मधोमध काळं कडं होतं, आत काही नव्हतं, शेजारी त्यांचं नाव होतं.

“आनखी घासू का?” मायाबाईंनी विचारलं.

“नको,” आकाराम रागानं म्हणाले. “फाटंल.”